हिटलरच्या लाडक्या बॉक्सरला १२४ सेकंदांत आडवं करणारा जो लुई टॅक्सच्या थकबाकीत कसा बुडाला?

१९७० च्या दशकात लास वेगासच्या सीझर्स पॅलेस कॅसिनोत जाणाऱ्यांना तिथं पन्नाशी उलटलेला एक धिप्पाड, शांत माणूस भेटायचा. आलेल्या पाहुण्यांशी हात मिळवायचा, सही द्यायचा, फोटोसाठी उभा राहायचा. मोठं गिऱ्हाईक असेल तर त्याच्यासोबत गोल्फ खेळायला जायचा. हीच त्याची नोकरी होती. या कामाला तिकडं ग्रीटर म्हणतात.

हा माणूस म्हणजे जो लुई. हेवीवेट बॉक्सिंगचा किताब सलग ११ वर्षं ८ महिने स्वतःकडं ठेवणारा, २५ वेळा तो यशस्वीपणे राखणारा चॅम्पियन. हेवीवेटमध्ये सलग इतका काळ किताब आजवर दुसऱ्या कुणालाही टिकवता आलेला नाही. कारकिर्दीत त्याच्या नावावर ४६ लाख डॉलरपेक्षा जास्त कमाई लागली होती, तीही १९३० आणि ४० च्या दशकात.

मग हे पैसे गेले कुठं?

नेहमीचं उत्तर असं, की त्यानं उधळले. ते उत्तर सपशेल खोटं नाही, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं उत्तर समजून घ्यायचं तर त्याची पूर्ण गोष्ट माहीत पाहिजे.

जोसेफ लुई बॅरोचा जन्म १३ मे १९१४ चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात, कापूस पिकवणाऱ्या गरीब कुळाच्या घरात. आठ भावंडांतला तो सातवा. तो दोन वर्षांचा असताना वडिलांना मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. पुढं आईला कुणीतरी कळवलं, की ते तिथंच वारले. तिनं दुसरं लग्न केलं. १९२६ मध्ये हे सगळं खटलं डेट्रॉइटला आलं. त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं वर्णद्वेषाला कंटाळून आणि कामाच्या शोधात उत्तरेकडच्या शहरांत जात होती, त्यातलंच हे एक. मोटारीचे कारखाने असल्यामुळं डेट्रॉइटला काम मिळायचं.

आईला वाटायचं पोरानं व्हायोलिन शिकावं. ती शिकवणीचे पैसे द्यायची आणि पोरगं ते घेऊन बॉक्सिंगच्या जिममध्ये जायचं. १९३४ मध्ये तो हौशी गटात लाइट हेवीवेटचा राष्ट्रीय विजेता झाला आणि त्याच वर्षी ४ जुलैला शिकागोमध्ये पहिली व्यावसायिक लढत खेळला. समोरचा पहिल्याच राउंडमध्ये आडवा. मिळाले ५९ डॉलर.

त्याचे मॅनेजर होते जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक, ट्रेनर होता जॅक ब्लॅकबर्न. तिघंही कृष्णवर्णीय. लुईला ठोसे मारायला शिकवण्याआधी त्यांना दुसरी एक अडचण सोडवायची होती.

ती म्हणजे जॅक जॉन्सन. १९०८ साली हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय विश्वविजेता झालेला हा गडी. तो गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवायचा, वर त्यांची टिंगल करायचा, गोऱ्या बायकांशी उघडपणे लग्नं करायचा. गोऱ्या अमेरिकेला ते पचलं नाही. त्याच्यावर खटला चालला, शिक्षाही झाली. १९१५ मध्ये त्याचा किताब गेला आणि नंतरची २२ वर्षं एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेटच्या किताबासाठी लढू दिलं गेलं नाही.

त्यामुळं लुईसाठी नियम ठरले. गोऱ्या बाईसोबत फोटो काढायचा नाही. नाइट क्लबात एकट्यानं जायचं नाही. प्रतिस्पर्धी पडला तर त्याच्याकडं बघून हसायचं नाही. थोडक्यात, जिंकायचं पण जिंकल्याचा आनंद दिसू द्यायचा नाही. लुई मुळातच कमी बोलणारा, त्याला हे जमलं. पेपरवाल्यांनी त्याला 'ब्राउन बॉम्बर' नाव दिलं.

१९३५ मध्ये त्यानं प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी विश्वविजेत्यांना नॉकआउट केलं. पुढच्या वर्षी, १९ जून १९३६ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये त्याच्यासमोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग होता. लुई गोल्फच्या नादात होता, सरावाकडं दुर्लक्ष झालं होतं. श्मेलिंगनं मात्र त्याच्या लढतींची फिल्म बघून अभ्यास केला होता. डाव्या हातानं ठोसा मारल्यावर लुई तो हात खाली पाडतो, हे त्यानं हेरलं. त्या क्षणी त्याचा उजव्या हाताचा ठोसा आत शिरायचा. बाराव्या राउंडमध्ये लुई नॉकआउट झाला. व्यावसायिक कारकिर्दीतला हा त्याचा पहिला पराभव.

नाझींनी या विजयाचा भरपूर गाजावाजा केला. आर्य वंश श्रेष्ठ असल्याचा पुरावाच जणू हाती लागला होता.

पण किताबाची लढत मिळाली लुईला, आणि ती कशी मिळाली हे बघितलं की या धंद्याचा हिशोब कळतो. चॅम्पियन होता जेम्स ब्रॅडॉक. श्मेलिंगला सोडून लुईशी लढण्याच्या बदल्यात त्याच्या बाजूनं अट घातली, की लुईचा प्रमोटर माइक जेकब्स याला हेवीवेट किताबाच्या लढतींतून पुढची दहा वर्षं जो नफा होईल, त्यातला १० टक्के हिस्सा ब्रॅडॉकला मिळावा. जेकब्सनं ती मान्य केली. २२ जून १९३७ ला शिकागोत लुईनं ब्रॅडॉकला आठव्या राउंडमध्ये झोपवलं आणि २३ व्या वर्षी विश्वविजेता झाला.

बरोबर एका वर्षानं, २२ जून १९३८ ला पुन्हा श्मेलिंग. पुन्हा यांकी स्टेडियम. समोर ७० हजारांवर प्रेक्षक, रेडिओला कान लावून बसलेले कोट्यवधी लोक. ज्या देशात दक्षिणेकडं कृष्णवर्णीयांना मत देणंही मुश्किल होतं, तो देश आता आपली अब्रू एका कृष्णवर्णीय पोराच्या हाती देऊन बसला होता. लढत २ मिनिटं ४ सेकंद चालली. श्मेलिंग तीनदा खाली गेला आणि रेफ्रीनं लढत थांबवली.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य नव्हता. त्याचा मॅनेजर ज्यू होता आणि दबाव येऊनही त्यानं त्याला सोडलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्यानं दोन ज्यू मुलांना आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवलं होतं. ही गोष्ट जगाला कित्येक दशकांनंतर कळली.

लुई मात्र आता सगळ्या अमेरिकेचा हिरो होता. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढची पैशांची आहे.

बॉक्सरला लढतीसाठी जी रक्कम मिळते तिला पर्स म्हणतात. पेपरात छापून येते ती ही पर्स. पण त्यातून मॅनेजरांचा वाटा जातो, सराव कॅम्पचा खर्च जातो, लोकांची देणी जातात. लुईच्या ४६ लाखांपैकी त्याच्या स्वतःच्या हाताला लागले ते ८ लाखांच्या आसपास. म्हणजे डॉलरमागं १७-१८ सेंट.

जे हातात आलं तेही त्यानं ठेवलं नाही, हेही खरं. घरच्यांना घरं, गाड्या, भावंडांची शिक्षणं. रेस्टॉरंट, दूध कंपनी, विमा कंपनी, स्वतःच्या नावाचं थंड पेय, घोड्यांचा फार्म, सॉफ्टबॉलची टीम असे धंदे काढले, बहुतेक बसले. गोल्फवर पैजा लावून हरायचा ते वेगळंच. पण या यादीत एक नोंद अशी आहे, जी उधळेपणात बसत नाही. लहानपणी घरात खायचे वांधे असताना डेट्रॉइट शहराकडून कुटुंबाला सरकारी मदत मिळाली होती. पुढं लुईनं ते पैसे शहराला परत केले. कुणी मागितले नव्हते.

मग युद्ध आलं. ७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. ९ जानेवारी १९४२ ला लुई बडी बेअरशी लढला आणि सुमारे ४७ हजार डॉलरची आपली पर्स नौदलाच्या मदतनिधीला देऊन टाकली. ज्या नौदलात त्या वेळी कृष्णवर्णीयांना जेवण वाढण्यापलीकडं फारसं काम दिलं जात नव्हतं, त्या नौदलाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं सैन्यात भरती होण्यासाठी नाव दिलं. साध्या शिपायाचा पगार होता महिन्याला २१ डॉलर. मार्चमध्ये एब सायमनशी लढून मिळालेले सुमारे ३६ हजारही त्यानं लष्कराच्या मदतनिधीला दिले.

सैन्यात त्यानं ९६ प्रदर्शनी सामने खेळले, २० लाख सैनिकांसमोर. भरतीच्या पोस्टरवर त्याचा चेहरा झळकला. त्या काळी सैन्यातही गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या. कॅन्ससच्या फोर्ट रायली तळावर काही कृष्णवर्णीय जवानांचे अधिकारी प्रशिक्षणाचे अर्ज अडकवून ठेवले होते. लुईनं वॉशिंग्टनमधली ओळख वापरून ते सोडवले. त्या जवानांत एक जॅकी रॉबिन्सन होता. पुढं १९४७ मध्ये मेजर लीग बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणारा तोच.

हे सगळं होत असताना लुईची कमाई बंद होती, खर्च चालू होता. पैसे लागले की तो जेकब्सकडून उचल घ्यायचा. १९४५ मध्ये सन्मानानं सैन्यातून बाहेर पडला तेव्हा जेकब्सनं हिशोब पुढं केला, २ लाख ५० हजार डॉलर येणं आहे. शिवाय जुना इन्कम टॅक्स थकला होता, तो तेव्हा लाखाच्या वर असेल असा अंदाज होता.

मग १९ जून १९४६ ची बिली कॉनसोबतची लढत. याच कॉननं १९४१ मध्ये त्याला तेराव्या राउंडपर्यंत दमवलं होतं, त्यामुळं तिकिटांवर उड्या पडल्या. रिंगजवळच्या खुर्चीचा दर १०० डॉलर. गल्ला १९ लाखांचा, लुईची पर्स सुमारे ६ लाख. त्यातून मॅनेजरांना १ लाख ४० हजार, घटस्फोटित पत्नीला ६६ हजार, न्यूयॉर्क राज्याच्या टॅक्सला ३० हजार. उरले ३ लाख ६४ हजार. त्यातून अजून जेकब्सची उधारी आणि केंद्र सरकारचा इन्कम टॅक्स जायचाच होता.

नोकरदाराचा टॅक्स पगारातूनच कापला जातो, त्यामुळं तो कधी हातात येतच नाही. बॉक्सरला पर्स अख्खी मिळते आणि टॅक्सचं बिल नंतर येतं. बिल येईपर्यंत पैसे संपलेले असले की मागच्या वर्षीचा टॅक्स यंदाच्या कमाईतून भरायचा, यंदाचा पुढच्या. लढती चालू आहेत तोवर हे चाक फिरत राहतं. लुई १ मार्च १९४९ ला चॅम्पियन म्हणूनच निवृत्त झाला आणि चाक थांबलं.

मे १९५० मध्ये इन्कम टॅक्सवाल्यांनी त्याच्या मागच्या सगळ्या वर्षांची तपासणी पूर्ण केली. दंड आणि व्याज धरून आकडा ५ लाख डॉलरच्या वर गेला.

यात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट १९४२ ची आहे. नौदलाला आणि लष्कराला दिलेल्या त्या दोन पर्ससुद्धा त्याच्या उत्पन्नात धरल्या गेल्या. पैसे आधी त्याच्या नावावर आले आणि मग त्यानं दिले, असा कागदावरचा अर्थ. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात एका व्यक्तीला दानावर मिळणारी सूट उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपुरतीच मर्यादित होती. सरकारचाच एक हात मदतनिधी घेऊन धन्यवाद देत होता आणि दुसरा त्याच रकमेचा हिशोब मागत होता. कायद्याच्या चौकटीत बघितलं तर टॅक्स खात्यानं नियमाबाहेरचं काही केलं असं म्हणता येत नाही. पण त्या दोन रात्री लुईसोबत एखादा बरा हिशोबनीस असता, तर ते पैसे त्याच्या नावावर न येता थेट निधीत गेले असते.

तरी, ५ लाख म्हणजे एखाद्या मोठ्या लढतीची पर्स. मग फेडायला अवघड काय होतं? तर अडचण गणिताची होती. त्या काळी अमेरिकेत उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर ९० टक्क्यांच्या आसपास टॅक्स लागायचा. आता समजा लुईनं त्या टप्प्यातले १०० डॉलर नवे कमावले. त्यातले ९० याच वर्षीच्या टॅक्सला. जुन्या थकबाकीसाठी उरले १०. त्यातच जेवायचं, त्यातच घर चालवायचं. दुसरीकडं ५ लाखांवर ६ टक्क्यांनी जरी व्याज धरलं, तरी वर्षाला ३० हजार डॉलर नुसतं व्याजच. जास्त कमवावं तर टॅक्स खातो, कमी कमवावं तर व्याज वाढतं.

यावर लुईला एकच काम येत होतं. तो पुन्हा रिंगमध्ये उतरला.

२७ सप्टेंबर १९५० ला ३६ वर्षांचा लुई नवा चॅम्पियन एझार्ड चार्ल्सकडून १५ राउंडनंतर गुणांवर हरला. तिथंच थांबायला हवं होतं, पण थकबाकी थांबत नव्हती. २६ ऑक्टोबर १९५१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समोर होता २८ वर्षांचा रॉकी मार्सियानो. आठव्या राउंडमध्ये त्याच्या ठोशानं लुई दोरांमधून रिंगच्या कडेला बाहेर पडला. लढत संपल्यावर जिंकलेला मार्सियानो ड्रेसिंग रूममध्ये रडला, कारण लुई त्याचा लहानपणापासूनचा हिरो होता.

लुई पुन्हा व्यावसायिक लढत खेळला नाही. ६६ विजय, ३ पराभव, ५२ नॉकआउट.

१९५२ मध्ये सॅन दिएगोच्या गोल्फ स्पर्धेत आयोजकांच्या आमंत्रणावरून खेळून तो पीजीए टूरच्या स्पर्धेत उतरणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. फक्त गोऱ्यांनाच सदस्यत्व देण्याचा नियम पीजीएनं १९६१ मध्ये काढला. त्या लढ्यात लुईचं नाव घ्यायला हवं. पण गोल्फनं पैसे मिळत नव्हते.

१९५३ मध्ये आई गेली. तिनं मागं ठेवलेले ६६७ डॉलर टॅक्स खात्यानं थकबाकीत वळते केले. मुलांच्या नावानं ठेवलेल्या ट्रस्टच्या पैशांवरही टाच आली. १९५६ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीच्या, म्हणजे आधीच निकाल ठरलेल्या खेळाच्या, रिंगमध्ये उतरला. तिथं छातीला मार बसला आणि तेही बंद झालं. दुसरी पत्नी रोझ मॉर्गन हिच्यासोबत टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत गेला, जिंकलेले पैसे टॅक्सला. तरीही पन्नासचं दशक संपता संपता आकडा १० लाखांच्या पुढं गेला होता. १९५० मध्ये होता त्याच्या दुप्पट, आणि मधल्या काळात माणूस फेडतच होता.

शेवटी साठच्या दशकाच्या सुरुवातीला टॅक्स खात्यानंच मधला मार्ग काढला. लुई आता जे कमावेल त्याच्या प्रमाणातच टॅक्स घ्यायचा, जुन्या आकड्याचा तगादा लावायचा नाही. याच काळात त्याची तिसरी पत्नी मार्था घर सांभाळत होती. लॉस एंजेलिसची ही वकीलबाई. १९५९ मध्ये तिच्याशी लग्न झालं आणि ती शेवटपर्यंत सोबत राहिली.

थकबाकीचा फास सैल झाला तोवर लुई आतून खचला होता. १९६९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कोसळला. त्यामागं कोकेन असल्याचं नंतर त्यानंच सांगितलं. आपल्याला कुणीतरी विषारी वायू सोडून मारणार आहे, असं त्याला वाटायला लागलं. हॉटेलच्या खोलीत हवा येण्याच्या जाळ्या तो कागद आणि चिकटपट्टीनं बुजवायचा. १९७० मध्ये मार्था आणि मुलानं त्याला कोलोरॅडोच्या मनोरुग्णालयात दाखल केलं. तो तिथं काही महिने होता.

तिथून बाहेर आल्यावर त्याला सीझर्स पॅलेसची नोकरी मिळाली. ती देणारा कॅसिनोतला अधिकारी सैन्यातला जुना मित्र होता. या नोकरीवर तेव्हाही हळहळ व्यक्त झाली आणि आजही होते, की बघा, एवढा चॅम्पियन आणि दारात उभा. पण लुई स्वतः तसं मानत नव्हता. नियमित पगार होता, राहायला घर होतं, गोल्फ होतं, आणि दिवसभर लोक प्रेमानं येऊन भेटत होते. आधीच्या वीस वर्षांत यातलं काहीच धड नव्हतं. त्यामुळं हळहळायचंच असेल तर १९५१ च्या त्या आठव्या राउंडवर हळहळावं.

१९७७ मध्ये हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर मोठी शस्त्रक्रिया झाली, मग पक्षाघात. शेवटची काही वर्षं व्हीलचेअरवर गेली. ११ एप्रिल १९८१ ला सीझर्स पॅलेसमध्येच लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक यांच्यात हेवीवेट किताबाची लढत होती. लुई ती बघायला आला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला हृदयविकारानं तो गेला. वय ६६.

त्याला वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय स्मशानभूमीत पुरावं, अशी मागणी झाली. पण तिथले नियम कडक आणि सार्जंट म्हणून निवृत्त झालेला लुई त्यात बसत नव्हता. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी खास आदेश काढून नियम बाजूला ठेवला आणि २१ एप्रिलला लष्करी इतमामात त्याचा दफनविधी झाला.

अंत्यसंस्काराच्या खर्चातला काही भाग जर्मनीतून आला. श्मेलिंग युद्धानंतर हँबुर्गमध्ये कोका-कोलाच्या धंद्यात शिरला होता आणि त्यात त्याचा चांगला जम बसला होता. १९५४ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा शिकागोत लुईचं घर शोधून त्याला भेटला. तिथून दोघांची मैत्री झाली आणि लुईच्या अडचणीच्या वर्षांत श्मेलिंग अधूनमधून पैसे पाठवत राहिला.